पाद्र्यांचा छापखाना, सरकारचा सेन्सॉर

८ सप्टेंबर १८०७ रोजी कलकत्त्याच्या सरकारी कचेरीतून बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम केरीच्या नावे एक पत्र निघाले. खाली सही सचिव एडमनस्टन याची. कलकत्त्यात देशी लोकांपुढे चाललेली प्रवचने बंद करा, हिंदू-मुसलमानांच्या धर्मावर चिखलफेक करणारी पत्रके काढू नका, आणि सेरामपूरचा छापखाना उचलून कलकत्त्यात आणा म्हणजे सरकारला त्यावर नजर ठेवता येईल, असा पत्राचा आशय. ज्याच्या नावे हा हुकूम गेला तो केरी सरकारच्याच पगारावर होता. फोर्ट विल्यम कॉलेजात तो कंपनीच्या पोरसवदा अंमलदारांना बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवी. त्याचे मराठी व्याकरण १८०५ साली याच सेरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडले होते, आणि मोडी खिळ्यांनी छापलेला मराठी कोश १८१० मध्ये तिथूनच निघायचा होता. सरकारला ज्या छापखान्याचे भय वाटत होते, त्याचीच पुस्तके सरकारी विद्यार्थ्यांच्या हातात होती.

ख्रिस्ती धर्म आणि बोलण्या-लिहिण्याचे स्वातंत्र्य असा विषय निघाला की आपल्याकडे गाडी गोव्याच्या इन्क्विझिशनवर जाते आणि तिथेच थांबते. ते स्वाभाविक आहे. पण तिथला प्रश्न त्या मानाने सोपा: सत्ता चर्चच्या बाजूने होती, आणि तिने तोंडे बंद केली. बंगालमधले प्रकरण मला अधिक गुंतागुंतीचे वाटते. इथे बंदी घालणारे ख्रिस्ती, बंदी सोसणारे ख्रिस्ती, बंदीची तरफदारी करणाऱ्यांत एक पाद्री आणि तिच्याविरुद्ध लिहिणारेही पाद्री. शिवाय कागद भरपूर उरले आहेत. मिशनऱ्यांसंबंधीचा सरकारी पत्रव्यवहार १८१३ साली पार्लमेंटने छापवून घेतला. गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो याची पत्रे १८८० मध्ये त्याच्या घराण्यातल्या काउंटेसने प्रसिद्ध केली. मिशनऱ्यांची बाजू जॉन क्लार्क मार्शमन याने १८५९ च्या आपल्या दोन खंडांत मांडली. हा जॉन म्हणजे केरीचा सहकारी जोशुआ मार्शमन याचा मुलगा. त्यामुळे त्याची तारीखवार हकीकत घ्यावी, पण कोण बरोबर आणि कोण चूक हे त्याच्यावर सोपवू नये.

मुळात हे पाद्री सेरामपूरला का गेले, इथून सुरुवात करावी लागते. हे आपल्या नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे. हे हुगळीच्या काठचे, कलकत्त्याच्या वरच्या अंगाचे डॅनिश ठाणे. १७९९ च्या ऑक्टोबरात मार्शमन, विल्यम वॉर्ड आणि त्यांचे साथी अमेरिकन जहाजातून आले, तेव्हा कंपनीच्या मुलखात राहायचा परवाना त्यांच्यापाशी नव्हता. डॅनिश गव्हर्नर कर्नल बी याने त्यांना आसरा दिला. आधीपासून बंगालमध्ये असलेला केरी आपला लाकडी छापखाना घेऊन १८०० च्या जानेवारीत त्यांना येऊन मिळाला.

त्याच्या आदल्याच वर्षी, १३ मे १७९९ रोजी, गव्हर्नर जनरल वेलस्लीने वृत्तपत्रांसाठी नियम काढले होते. काळ टिपूशी युद्धाचा होता, फ्रेंचांची भीती होती. कलमे पाच. मुद्रकाने पत्राच्या तळाशी आपले नाव छापावे. संपादक आणि मालकाने आपले नावगाव सरकारला कळवावे. सचिवाने आधी तपासल्याखेरीज एकही अंक निघू नये. नियम मोडणाऱ्याला तडक युरोपच्या जहाजावर चढवावे. आणि उरलेले कलम असे, की रविवारी कोणतेही वृत्तपत्र प्रसिद्ध होऊ नये. युद्धकाळातल्या सेन्सॉरच्या नियमांत प्रभूचा वार पाळायचे कलम हळूच येऊन बसले आहे. कंपनी सरकार धर्माच्या बाबतीत तटस्थ असल्याचा डांगोरा पिटायचे. हे कलम वाचताना ती तटस्थता किती पाण्यात होती हे दिसते.

सेरामपूरकरांतला वॉर्ड हा धंद्याने मुद्रक. इंग्लंडात असताना डर्बी आणि हल इथली वृत्तपत्रे त्याने चालवली होती, आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या दिवसांत सुधारणावादी मंडळींत त्याची ऊठबस होती. अशा माणसाने हिंदुस्थानात आल्यावर राजकारणावर एक अक्षर लिहायचे नाही असे ठरवले, आणि ते कसोशीने पाळले. सर्वांनीच पाळले. परवान्याविना राहणाऱ्या माणसाला दुसरा इलाजही नव्हता.

वातावरण फिरले ते वेल्लोरमुळे. १० जुलै १८०६ च्या पहाटे तिथल्या शिपायांनी बंड केले. नवी टोपी, कपाळावरचे गंध आणि दाढीमिशा यांबद्दलचे लष्करी हुकूम हे निमित्त. सरकार सगळ्यांना बाटवणार ही भीती त्यामागे. सेरामपूरचा आणि वेल्लोरचा संबंध काही नव्हता, पण कलकत्त्यात हंगामी गव्हर्नर जनरल बार्लो याने केरीला निरोप धाडला की देशी लोकांच्या धर्मात ढवळाढवळ करू नका. त्याच सुमारास आलेल्या दोन नव्या मिशनऱ्यांना परत जायला सांगण्यात आले. पुढल्या जुलैत मिंटो आला, आणि महिना-दीड महिन्याच्या आत, सुरुवातीला सांगितलेल्या हुकमाला निमित्त झालेले, एक फारसी पत्रक त्याच्या टेबलावर येऊन पडले.

पत्रक मुसलमानांना उद्देशून होते. मूळ मजकूर बंगाली, त्याचा फारसी तर्जुमा धर्मांतर केलेल्या एका मुन्शीकडून करवून घेतलेला. त्यात पैगंबरांबद्दल अपशब्द होते. मिशनऱ्यांचे म्हणणे पडले की ते शब्द मुन्शीने आपल्या पदरचे घातले, आणि आमच्यापैकी कोणी छापण्याआधी ते वाचले नाहीत. हे खरे मानायला हरकत नाही. एका छापखान्यात इतक्या भाषांची कामे चालू असताना प्रत्येक प्रूफ जाणत्या डोळ्याखालून जाणे कठीणच. पण मग प्रश्न उरतो. ज्या पत्रकातला शब्दन्‌शब्द आपल्याला ठाऊक नाही, ते दुसऱ्याच्या श्रद्धेवर बोलण्यासाठी बाजारात कसे वाटायचे? सरकारने हे थेट विचारलेले दिसत नाही. त्याला काळजी होती ती दंग्याची.

इथे आणखी एक कागद शेजारी ठेवून वाचावा लागतो. १८०५ च्या ऑक्टोबरात सेरामपूरच्या मंडळींनी आपसांत एक करारनामा केला होता, आणि तो प्रत्येक ठाण्यावर वर्षातून तीनदा मोठ्याने वाचायचा असा नेम ठेवला होता. या लोकांचे मन आपल्या शुभवर्तमानाविरुद्ध कलुषित होईल असे काही करू नये, त्यांच्या देवांची पापे कडवटपणे उगाळत बसू नये, त्यांच्या मूर्तींना धक्का लावू नये, पूजेत व्यत्यय आणू नये, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. म्हणजे १८०७ चे पत्रक सरकारच्या नियमात बसत नव्हते ही गोष्ट दुय्यम. ते त्यांच्या स्वतःच्याच नियमात बसत नव्हते. सरकारने हाताला धरण्याच्या दोन वर्षे आधी त्यांनी आपल्या लेखणीला जो लगाम घातला होता, तो आपल्याच छापखान्यात त्यांना सांभाळता आला नाही.

मिंटोने सेरामपूरची आणखी पत्रके मागवून भाषांतरे करून घेतली. लंडनला कंपनीच्या अध्यक्षाला त्याने जे लिहिले ते वाचण्यासारखे आहे. हा काही निरीश्वरवादी मनुष्य नव्हे. ख्रिस्ती धर्माचा प्रसार व्हावा असे आपल्यालाही वाटते, असे तो सांगतो. त्याची तक्रार पद्धतीबद्दल आहे. या पानांत पुरावा नाही, युक्तिवाद नाही, नुसता नरकाचा अग्नी आणि त्याहून कडक अग्नी आहे. आणि तो कोणासाठी, तर आईबापांनी शिकवलेल्या धर्मावर विश्वास ठेवणाऱ्या अख्ख्या समाजासाठी, ज्या धर्माबद्दल शंका घ्यावी असे त्यांच्या मनात येणेही अशक्य. हा त्याच्या पत्राचा मथितार्थ. सरकार आपल्या धर्मावर उठले आहे अशी लोकांची समजूत करून देणे, एवढाच राजद्रोहाचा मार्ग या देशात यशस्वी होऊ शकतो, असेही तो म्हणतो. पहिला मुद्दा माणुसकीचा आहे, दुसरा राज्य टिकवण्याचा. मिंटोच्या लेखी ते वेगळे नाहीत, आणि त्यामुळे त्याचा सेन्सॉर नेमका कशासाठी होता हे आजही ठामपणे सांगता येत नाही. माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण सरकारचा रोख फक्त पत्रकांवर राहिला नाही.

पुढचा बळी कंपनीचाच पगारी धर्मोपदेशक क्लॉडियस बुकॅनन. बायबलमधल्या भाकितांवर त्याने दिलेली प्रवचने त्याला छापायची होती. सरकारने छापण्याआधी हस्तलिखित पाहायला मागितले. बुकॅननने ते दिले नाही. १८०७ च्या नोव्हेंबरात त्याने मिंटोला एक लांबलचक तक्रारपत्र दिले आणि पुढे, १८१३ साली, इंग्लंडात ते छापून टाकले. ही प्रवचने इंग्रजीत, इंग्रजांच्या चर्चमध्ये, इंग्रजांपुढे दिलेली. त्यांनी कोणते शिपाई बिथरणार होते? एकदा कात्री हातात आली की ती कुठवर चालते, याचा हा नमुना.

सेरामपुरात मात्र पेच वेगळाच होता. छापखाना डॅनिश हद्दीत. तिथला तेव्हाचा गव्हर्नर क्रेफ्टिंग याने तो हलवू द्यायला साफ नकार दिला. मिशनऱ्यांना डॅनिश झेंड्याआड उभे राहून कंपनीला आव्हान देता आले असते. त्यांनी ते केले नाही. केरी आणि मार्शमन मिंटोला जाऊन भेटले, आणि ३० सप्टेंबर १८०७ रोजी त्यांनी एक विनंतीअर्ज दिला. या अर्जाचा सूर लक्षात घेण्यासारखा आहे. आम्ही कसे आलो, काय केले, इथे घरेदारे आणि यंत्रे यांत किती पैसा गुंतला आहे, कलकत्त्याला हलायचे तर तो सारा पाण्यात जाईल, आमचे ख्रिस्ती झालेले लोक सरकारशी किती एकनिष्ठ आहेत, आणि ते पत्रक नजरचुकीने निघाले. छापण्याचा माणसाला हक्क आहे, हे त्यात नाही. स्पष्टच सांगायचे तर तो अर्ज भल्या भाडेकरूने घरमालकाला लिहावा तसा आहे.

तो लागू पडला. ऑक्टोबरात छापखाना हलवायचा हुकूम मागे घेतला गेला. मात्र कंपनीच्या मुलखात वाटायचे जे जे काही असेल ते छापण्याआधी सरकारला दाखवायचे, ही अट राहिली. तीही त्यांनी मान्य केली. तीन-चार महिन्यांत, जानेवारी १८०८ मध्ये, युरोपातल्या युद्धामुळे इंग्रजांनी सेरामपूरच ताब्यात घेतले, आणि १८१५ पर्यंत ठेवले. भांडण करून डॅनिश छत्राखाली राहिले असते, तर ते छत्र असे उडून गेले असते. वाटाघाटीचा रस्ता धरण्यात व्यवहारज्ञान होते यात वाद नाही.

खरा वाद इंग्लंडात पेटला. थॉमस ट्वाइनिंग आणि मेजर स्कॉट-वेअरिंग यांनी पत्रके काढून मिशनऱ्यांना आवरायची मागणी केली. सिडनी स्मिथ हा स्वतः अँग्लिकन धर्मोपदेशक. त्याने १८०८ साली ‘एडिंबरो रिव्ह्यू’मध्ये सेरामपूरच्या मंडळींची यथेच्छ टर उडवली. केरी मूळचा चांभार, आणि हे सगळे राज्याच्या मान्यताप्राप्त चर्चबाहेरचे बॅप्टिस्ट. धर्मविषयक मतभेद किती आणि वर्गीय तुच्छता किती, ते त्या लेखातून वेगळे काढणे कठीण आहे.

उत्तर दिले ते बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीचा चिटणीस अँड्र्यू फुलर याने, १८०८ च्याच आपल्या पुस्तिकेत. ट्वाइनिंगची तक्रार होती की हिंदूंना सहिष्णुता द्यायची तर मिशनऱ्यांना गप्प करा. फुलर उलटून विचारतो: सहिष्णुता म्हणजे काय? आपल्या मताप्रमाणे निर्वेधपणे राहण्याची मुभा एवढीच, की ते मत योग्य मार्गांनी दुसऱ्याला पटवून देण्याचीही? त्याच्या मते दोन्ही. हिंदूने आपला धर्म पाळावा, त्याची बाजू मांडावी, मिशनऱ्यानेही मांडावी. जबरदस्ती कोणी करू नये. या सगळ्या कागदांच्या ढिगाऱ्यात ख्रिस्ती बाजूने स्वातंत्र्याचे तत्त्व इतक्या सरळपणे मांडणारा हा मला आढळलेला पहिला मजकूर. फुलर इंग्लंडातला डिसेंटर, म्हणजे मान्यताप्राप्त चर्चबाहेरचा. त्याच्या पंथाच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी परवाने, दंड आणि तुरुंग सोसले होते. त्याच्या वाक्यांत ती आठवण आहे. कलकत्त्याच्या अर्जात ती नाही, कारण तिथे ती चालली नसती.

पुढची काही वर्षे भराभर सांगता येतात. १८१२ मध्ये कलकत्त्याला आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना सरकारने हाकलले. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईला पोचले. इथेही त्यांना इंग्लंडला रवाना करायचा हुकूम आला. ते कोचीनला निसटले, परत आणले गेले. हॉलने गव्हर्नर सर इव्हान नेपियन याला लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत. त्यात तो त्याला न्यायाच्या दिवसाची आठवण करून देतो: त्या दिवशी तू ख्रिस्तापुढे उभा राहशील, तेव्हा त्याचे वचन सांगणाऱ्यांना परत धाडल्याचे काय उत्तर देशील? नेपियन बायबल सोसायटीचा माणूस, त्याच्यावर हा वार नेमका बसला. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने परवाना काढून मिशनऱ्यांना येण्याची वाट खुली झाली, हॉल राहिला, आणि मुंबईतल्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून १८१७ पासून मराठी पुस्तिका निघू लागल्या.

पण हॉलचे म्हणणे नीट पाहा. देवाची आज्ञा कंपनीच्या हुकमापेक्षा मोठी, म्हणून मला बोलू दे. या युक्तिवादात जबरदस्त बळ आहे, माणूस त्यासाठी तुरुंगात जाईल. पण ज्याला ती आज्ञा झालेली नाही, किंवा जो उलट बाजूचे बोलू पाहतो, त्याच्यासाठी या युक्तिवादात जागा कुठे आहे? फुलरच्या वाक्यांत ती होती. हॉलच्या पत्रांत नाही, आणि सेरामपूरकरांजवळ ती होती की नाही हे कळायला १८२१ साल उजाडावे लागले.

त्याआधी १८१८. त्या वर्षीच्या मे महिन्यात पेशवाई शेवटच्या घटका मोजत होती, बाजीराव शरण यायचा होता, गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याच मोहिमेसाठी कलकत्त्याबाहेर होता. आणि सेरामपुरात मार्शमन बापलेक बंगाली साप्ताहिकाची प्रुफे तपासत होते. सर्वांत जास्त घाबरला होता केरी. १८०७ त्याला विसरता येत नव्हते. देशी भाषेतले वृत्तपत्र म्हटल्यावर सरकार पुन्हा बिथरेल असे त्याला वाटे. पहिल्या अंकाची प्रुफे साप्ताहिक बैठकीत आली तेव्हा त्याने पुन्हा हरकत घेतली. उद्याच कलकत्त्याला जाऊन वरिष्ठ अधिकाऱ्यांना याचा इंग्रजी तर्जुमा दाखवतो, त्यांनी नको म्हटले तर बंद, असे जोशुआने कबूल केल्यावर त्याने मान डोलावली. ‘समाचार दर्पण’ २३ मे १८१८ रोजी निघाला. पुढे हेस्टिंग्जने स्वतःच्या हाताने पसंतीचे पत्र लिहिले आणि टपालहशिलात सवलत दिली.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात हेस्टिंग्जने छापण्यापूर्वीची तपासणी उठवली. हिंदुस्थानात जन्मलेल्या संपादकाला युरोपला पाठवायचे तरी कसे, ही अडचण त्यामागे होती. मात्र संपादकांनी काय छापू नये याची यादी नव्या नियमांत आहेच. तिच्यात एक बाब अशी: सरकार देशी लोकांच्या धर्मात हात घालणार आहे असा संशय निर्माण करणारी चर्चा करू नये. मिंटोची भीती या नियमात जशीच्या तशी उतरली आहे.

आता १८२१. १४ जुलैच्या ‘समाचार दर्पण’मध्ये एक पत्र छापून आले. वेदान्त, न्याय, सांख्य, पुराणे, सगळ्यांवर त्यात टीका होती, आणि कोणाला उत्तर द्यायचे असेल तर द्यावे असे निमंत्रणही. राममोहन रॉय यांनी शिवप्रसाद शर्मा या नावाने उत्तर लिहून पाठवले. सेरामपूरने ते पुरते छापायला नकार दिला. काही भाग गाळायला तयार असाल तर बघू, असा निरोप आला. चौदा वर्षांपूर्वी ज्यांच्या मजकुरावर सरकारने हात ठेवला होता, त्यांच्या हातात आता दुसऱ्याचा मजकूर होता.

राममोहन यांनी गाळले काहीच नाही. त्यांनी स्वतःचेच नियतकालिक काढले. बंगालीत ‘ब्राह्मण सेवधि’, इंग्रजीत ‘ब्राह्मनिकल मॅगझीन’, उपनाव ‘मिशनरी आणि ब्राह्मण’. आणि त्यात उत्तराआधी मिशनऱ्यांचे ते पत्रही छापले. प्रस्तावनेत त्यांनी एक मुद्दा मांडला, जो मिंटो, फुलर, हॉल, यांपैकी कोणालाही सुचलेला नव्हता. इंग्रजांनी धर्मात हात न घालण्याचे वचन दिले असताना गेली वीस वर्षे मिशनरी पुस्तके वाटतात, रस्त्यात उभे राहून आमच्या देवांची निंदा करतात, धर्म बदलणाऱ्यांना नोकऱ्या देतात. जिथे इंग्रजांचे राज्य नाही अशा तुर्कस्तानात, इराणात जाऊन ते असे करतील तर त्यांची श्रद्धा खरी मानू. पण ज्या बंगालमध्ये इंग्रज म्हटल्याबरोबर लोक दचकतात, तिथल्या गरीब, भित्र्या माणसांवर अशी चढाई करणे न देवाच्या दृष्टीने योग्य, न लोकांच्या. जो बोलतो त्याच्यामागे राज्य उभे आहे की नाही यावर त्याच्या बोलण्याचे स्वरूप ठरते, हा विचार आहे. बोलू नका असे राममोहन म्हणत नाहीत. वादाला ते सदैव तयार होते, किंबहुना त्यांना वादाची भारीच हौस होती.

हा वाद चालू असतानाच दुसरा पेटला होता. १८२० मध्ये राममोहन यांनी येशूच्या उपदेशांचे संकलन ‘प्रीसेप्ट्स ऑफ जीझस’ या नावाने आपले नाव न घालता छापले. चमत्कार आणि त्रैक्याचा सिद्धान्त त्यात नव्हता. ते छापले गेले कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशन प्रेसमध्ये, म्हणजे सेरामपूरहून फुटून निघालेल्या तरुण बॅप्टिस्टांच्या छापखान्यात. सेरामपूरच्या ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या नियतकालिकात जोशुआ मार्शमनने त्यावर हल्ला चढवला आणि संकलनकर्त्याला ‘हीदन’ म्हटले. राममोहन यांना ते झोंबले. पहिले प्रत्युत्तर, मग दुसरे, दोन्ही त्याच प्रेसमध्ये छापून निघाली. तिसऱ्याच्या वेळी, १८२३ मध्ये, प्रेसने नकार दिला. राममोहन प्रस्तावनेत सांगतात की तो नकार अतिशय सभ्यपणे दिला गेला. मग त्यांनी थोडे खिळे विकत घेतले, देशी माणसांच्या देखरेखीखाली ‘फायनल अपील’ छापले, आणि छपाईत काही उणे राहिले असेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावे अशी विनंती केली.

या दोन्ही नकारांना सेन्सॉरशिप म्हणावे का? माझ्या मते नाही, निदान एडमनस्टनच्या पत्राच्या अर्थाने नाही. आपल्याला पटत नाही ते आपल्या यंत्रावर न छापण्याचा अधिकार मुद्रकाला असतो. त्रैक्य मानणाऱ्या बॅप्टिस्टांनी त्रैक्याचे खंडन छापावे ही अपेक्षा फार झाली, आणि त्यांनी दोन पुस्तके छापली हेच विशेष. राममोहन यांच्याजवळ पैसा होता, खिळे मिळत होते, दुसरा छापखाना उभा राहिला. ‘दर्पण’चा नकार मात्र मला तितका निर्दोष वाटत नाही. उत्तर द्या असे जाहीर आमंत्रण देऊन, उत्तर आल्यावर कात्री काढणे हा मुद्रकाच्या सदसद्विवेकाचा प्रश्न नव्हता. तो वादातल्या प्रामाणिकपणाचा होता. सेरामपूरने सरकारकडे सवलत मागितली होती, आणि सवलत म्हणूनच दुसऱ्याला देऊ केली.

आणि सरकार? १८२३ च्या फेब्रुवारीत हंगामी गव्हर्नर जनरल जॉन अ‍ॅडम याने ‘कॅलकटा जर्नल’चा संपादक बकिंगहॅम याला हिंदुस्थानाबाहेर काढले. निमित्त पुन्हा एक पाद्री. स्कॉटिश चर्चचे डॉ. ब्राइस यांना सरकारने स्टेशनरी खात्याच्या कारकुनीवर नेमले होते, आणि धर्मोपदेशकाने कागद नि लाख मोजत बसावे याची बकिंगहॅमने खिल्ली उडवली. गंमत म्हणजे हे ब्राइस काही वर्षांपूर्वी ‘एशियाटिक मिरर’ चालवताना याच अ‍ॅडमशी, तेव्हा तो सेन्सॉर होता, कडाकडा भांडले होते. मार्चमध्ये अ‍ॅडमने परवान्याचा कायदा आणला. त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात अर्ज गेला, त्यावर सह्या सहा: चंद्रकुमार ठाकूर, द्वारकानाथ ठाकूर, राममोहन रॉय, हरचंद्र घोष, गौरीचरण बॅनर्जी, प्रसन्नकुमार ठाकूर. त्यात एकही ख्रिस्ती नाव नाही. भल्या राज्यकर्त्याला आपल्या चुका कळाव्यात अशी इच्छा असली पाहिजे, आणि त्या कळण्याचा एकच खरा मार्ग म्हणजे छापण्याचे अनिर्बंध स्वातंत्र्य, असे तो अर्ज म्हणतो. फुलरच्या युक्तिवादात बोलणारा आपल्या धर्मासाठी जागा मागत होता. इथे ती राज्यकर्ता आणि प्रजा दोघांसाठी मागितली गेली. न्यायमूर्ती मॅकनॉटन यांनी अर्ज फेटाळला, आणि राममोहन यांनी ४ एप्रिल १८२३ रोजी आपले फारसी पत्र ‘मिरात-उल-अखबार’ बंद केले. परवान्यासाठी कोर्टात शपथा घेण्यापेक्षा आणि चपराशांच्या दारात उभे राहण्यापेक्षा गप्प बसलेले बरे, असे त्यांनी शेवटच्या अंकात वाचकांना सांगितले.

केरी ९ जून १८३४ रोजी वारला. परवान्याचा कायदा त्यानंतर वर्षाने, हंगामी गव्हर्नर जनरल मेटकाफच्या कारकिर्दीत, १८३५ च्या अकराव्या कायद्याने रद्द झाला.

बंगालमधल्या या भानगडीतून काही शहाणपण मुंबईत आले होते का, हे कागदावरून सांगता येत नाही. पण मुंबईत घडले ते वेगळे. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३१ च्या फेब्रुवारीत मोरभट दांडेकर यांच्याशी जाहीर वाद केला. त्यानंतर मोरभटांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ ही पुस्तिका मराठीत काढली. विल्सन यांनी १८३२ मध्ये तिला इंग्रजीत उत्तर दिले. पुस्तकाचे नावच हिंदू धर्माचे वाभाडे काढणारे, आणि आतला सूरही मिंटोला मुळीच आवडला नसता. शेवटचा शब्द अर्थातच विल्सन यांनी स्वतःकडे ठेवला. मात्र उत्तराच्या आधी त्यांनी मोरभटांच्या पुस्तिकेचे भाषांतर जोडले आहे. १८३४ मध्ये साताऱ्याच्या नारायणरावांना दुसरे उत्तर दिले. दहा वर्षांनी मोरभटांच्या हाती स्वतःचे मासिक होते. मिशनऱ्यांना उत्तर देण्यासाठी १८४४ साली काढलेल्या त्या मासिकाचे नाव ‘उपदेशचंद्रिका’.